एका मात्रेचा फरक

आमच्या घरी पोटमाळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची, अमेरिकेहून आलेली निळी एरोग्रॅम आहेत. पहिले १९७६ सालचे, शेवटचे १९९८ सालचे. काहींच्या घड्या विरल्या आहेत, दोनतीन पत्रांच्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, एकावर आईच्या हळदीच्या बोटाचा ठसा आहे. पण डबा उघडावा, हाताला येईल ते पत्र काढावे आणि खुशाल वाचत बसावे. जवळजवळ पन्नास वर्षांनंतरही अक्षर न् अक्षर लागते.

१९९८ नंतर दादाने कागदावर लिहिणे सोडले आणि तो ईमेल पाठवू लागला. वीस वर्षांत तीनशेच्या आसपास पत्रे झाली असतील. ती मी डब्यातल्या पत्रांपेक्षाही काळजीने जपली होती. एका फाइलमध्ये, तारीखवार लावून, दोन ठिकाणी प्रती करून. आणि २०२१ साली ती उघडून वाचायची वेळ आली, तेव्हा त्यांतली निम्म्याहून अधिक वाचता येईनात. वाळवी लागली नव्हती, पाणी शिरले नव्हते. फाइल जागच्या जागी होती, फक्त तिच्यात मराठी उरले नव्हते.

ही हकीकत त्या पत्रांची आहे. तिच्यात थोडे संगणकशास्त्र येईल; वाचकांनी त्याला भिऊ नये. मी आयुष्याची उमेदीची वर्षे एका बँकेत काढली आणि २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन कादंबऱ्या लिहीत बसलो. मला जे कळले ते कोणालाही कळेल.

दादा २०१९ साली गेला. दोन वर्षांनी पुतणीचा फोन आला. "काका, बाबाची सगळी पत्रं एकत्र करायची. आईला एक पुस्तक करून द्यायचं. तुमच्याकडे सगळी आहेत ना?" ती तिकडेच जन्मली आणि वाढली. मराठी छान बोलते. वाचते बाराखडीपुरते, जोडाक्षर आले की अडखळते. पोटापाण्याला मात्र संगणकाचेच काम करते. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "सगळी आहेत. आज रात्री पाठवतो." आणि पाठवण्यापूर्वी एकदा नजर टाकावी म्हणून फाइल उघडली.

पडद्यावर जे दिसले त्याचे वर्णन करतो. डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन 'ए', त्याच्यापुढे चारी कोपऱ्यांना पाय फुटलेले एक वर्तुळ, मग एखादे भलतेच चिन्ह. पुन्हा तोच 'ए', पुन्हा तेच वर्तुळ. मधूनच जपानी येनचे चिन्ह, त्याला चिकटून युरोचे. चार पायांचे ते वर्तुळ मी ओळखले. कोणत्याही एका देशाचे नव्हे, तर सर्वसाधारण 'चलन' दाखवणारे ते चिन्ह. दादाने घरी पत्र लिहिले होते की परकीय चलनाचा दरतक्ता पाठवला होता, असा प्रश्न पडावा!

पुतणीला एक पान पाठवले. ती हसली. म्हणाली, "काका, हे मराठीच आहे. चुकीच्या तक्त्यातून वाचलंय."

हा तक्ता म्हणजे काय ते मला बँकेमुळे चटकन समजले. १९८०च्या दशकात एका शाखेतून दुसऱ्या शाखेत तातडीने पैसे पाठवायचे तर तारेने पाठवीत. टेलिग्राफिक ट्रान्सफर, आमच्या भाषेत टीटी. तारेत रकमेबरोबर एक सांकेतिक आकडा असे. तो आकडा आमच्याकडच्या गुप्त पुस्तकावरून पडताळून पाहायचा. जुळला तरच पैसे द्यायचे. पुस्तक वेगळे असेल तर तार अगदी बिनचूक आलेली असूनही ती निरर्थक. संगणकातला प्रत्येक मजकूर ही अशी तारच आहे. संगणकाला 'क' ठाऊक नाही आणि 'ळ' तर नाहीच नाही. त्याला अंक ठाऊक. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, हे माणसांनी आपसात ठरवून तक्त्यात लिहिलेले असते. अंक आणि तक्ता मिळून मजकूर होतो.

पहिला सर्वमान्य तक्ता अमेरिकेत १९६३ साली झाला. त्याचे नाव आस्की. त्यात १२८ घरे. इंग्रजी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे बसली आणि अमेरिकेचे काम भागले. पुढे आणखी १२८ घरांची सोय झाली, एकूण २५६, आणि तिथून गोंधळाला सुरुवात झाली. वरची ही १२८ घरे ज्याने त्याने आपापल्या भाषेने भरली. २२४ हा अंक घ्या. पश्चिम युरोपच्या तक्त्यात तो तिरकी रेघ घेतलेला 'ए'. रशियन लिपीच्या विंडोज तक्त्यात तो 'आ', तर त्याच लिपीच्या दुसऱ्या एका जुन्या तक्त्यात 'यू'. अंक तोच, देश बदलला की अक्षर बदलले, आणि रशियात तर देश न बदलताही बदलले.

या घोटाळ्याला जपानी भाषेत खास शब्द आहे, 'मोजिबाके'. मोजी म्हणजे अक्षर, आणि पुढच्या शब्दात भुताखेतांसारखे रूप पालटण्याचा अर्थ आहे. अक्षरांना झपाटले, असे आपण म्हणू. रशियन लोकांनी तर या भुताशी संसारच मांडला. परदेशातून रशियात पाठवलेल्या एका टपालाचे छायाचित्र संगणकवाल्यांत प्रसिद्ध आहे. पाठवणाऱ्याला पत्ता ईमेलने मिळाला होता, पडद्यावर तो झपाटलेल्या अक्षरांत दिसत होता, आणि त्या बिचाऱ्याने दिसली तशी ती अक्षरे हाताने पाकिटावर उतरवून काढली. रशियाच्या टपाल खात्यातल्या कोणीतरी त्या चिन्हांखाली खरी रशियन अक्षरे लिहिली आणि टपाल मार्गी लावले. त्या अनाम टपालसेवकाला मी मनातून नमस्कार केला आहे.

आपल्याकडची कथा आणखी गुंतागुंतीची. भारतीय लिपींसाठी 'इस्की' नावाचा सरकारमान्य तक्ता १९९१ साली मानक म्हणून आला; पुण्याच्या सी-डॅकचे त्या क्षेत्रातले काम सर्वांना ठाऊक आहे. पण छापखाने, कचेऱ्या आणि आमच्यासारखे लेखक यांच्या संगणकांवर राज्य केले ते फॉन्टने. फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती अशी केली की इंग्रजीच्या घरांत मराठीचे तुकडे बसवले. एका घरात काना, एका घरात वेलांटी, एका घरात अर्धा 'स', एका घरात रफार. संगणकाच्या समजुतीने आपण इंग्रजी किंवा फ्रेंच टंकत होतो. दिसायला ते मराठी दिसे. आणि प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची मांडणी वेगळी. एकीच्या घरात 'ग' तर दुसरीच्या त्याच घरात 'ढ'. त्यामुळे त्या काळात कोणी फाइल पाठवली आणि ती गिचमिड दिसली तर आम्ही घाबरत नसू. सगळा मजकूर निवडायचा, योग्य तो फॉन्ट लावायचा, की गिचमिडीतून मराठी उगवे. ही सवय माझ्या हाडात मुरली होती. पुढे तीच मला नडली.

या साऱ्यावर उतारा निघाला तो युनिकोडचा. त्याची पहिली आवृत्ती १९९१ सालची. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक द्यायचा, हा त्यामागचा विचार. आपला 'म' २३५०. तो पुण्यात २३५० आणि अटलांटातही २३५०. आता २३५० हा आकडा २५६ घरांच्या खोक्यात मावायचा कसा? त्याची तोड केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ साली काढली, तीही न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदी चटईवर लिहून. या पद्धतीचे नाव यूटीएफ-८. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना आणि प्रत्येक मात्रा तीन अंकांनी लिहितात. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. हे तीन अंक एकत्र वाचले तर 'म'. पश्चिम युरोपच्या तक्त्यातून सुटे सुटे वाचले तर तिरका 'ए', चार पायांचे चलन आणि नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा गोल. दीर्घ वेलांटीच्या वाट्याला त्याच न्यायाने येन आणि युरो येतात. माझ्या पडद्यावरचा दरतक्ता कुठून आला ते असे उलगडले.

आता दादाच्या पत्रांकडे येतो. शेतात विहीर खणताना मातीचे थर लागतात तसे त्या पत्रांचे तीन थर निघाले.

पहिला थर १९९८ ते २००१. तेव्हा दादाकडे मराठी टंकण्याची सोय नव्हती, म्हणून रोमन लिपीत मराठी. ही पत्रे सगळी धड होती, कारण साधी रोमन अक्षरे बहुतेक सर्व तक्त्यांत एकाच घरात राहतात. अडचण वाचणाऱ्याची. के-ए-एल-ई या चार अक्षरांचे 'काळे' करावे, 'कळे' करावे की 'काले'? गावाकडची माणसे ठाऊक असलेल्याने ते ठरवायचे.

दुसरा थर २००१ ते २००५. दादाने कुठूनसा एक मराठी फॉन्ट मिळवला आणि तोच मला सीडीवरून पाठवला. मजकुरावर नोंद 'पश्चिम युरोप' अशी, आत मात्र वेलांट्या आणि रफार. ती सीडी माझ्या टेबलाच्या खणात सापडली म्हणून हा थर वाचला. तिच्यावरून पुतणीने त्या फॉन्टचा तक्ता नव्याने मांडला. पण नुसते अंकाला अंक बदलून भागेना. 'किती' लिहिताना फॉन्टमध्ये आधी वेलांटी येते आणि मग 'क', जशी ती डोळ्यांना दिसते तशी. युनिकोडमध्ये आधी 'क' आणि मग वेलांटी, जसे आपण उच्चारतो तसे. रफाराचेही तेच. तिने वेलांट्या पलीकडे नेण्याचा एक छोटा कार्यक्रम लिहिला, आणि पहिल्या प्रयत्नात दादाचे सगळे 'शनिवार' 'शनवािर' झाले. यातली एक चिठ्ठी मात्र वाटेतल्या कुठल्याशा जुन्या यंत्राने वरची १२८ घरे कापून, प्रत्येक मोठ्या अंकातून १२८ वजा करून पोचवली होती. ती वाचता आली नाही. रशियन लोकांनी आपल्या त्या जुन्या तक्त्याची रचनाच अशी केली होती की वरचे घर कापले गेले तरी खाली रोमन लिपीत साधारण तोच उच्चार उरावा. एवढी दूरदृष्टी आमच्या फॉन्टवाल्यांना कोणी शिकवली नाही.

तिसरा थर २००५ नंतरचा. तोवर दादाकडे युनिकोडची सोय झालेली. खरे तर हीच पत्रे सर्वांत सुरक्षित असायला हवी होती. आणि हीच सर्वांत जास्त बिघडली होती. कारण त्यांत माझा हात लागला होता.

झाले असे. माझा जुना ईमेलचा खातेपुरवठादार २०१२ साली ती सेवा बंद करणार होता. मुदतीच्या आत मी सगळी पत्रे एका मोठ्या फाइलमध्ये उतरवून घेतली. फाइल उघडली तर प्रत्येक पत्राच्या डोक्यावर वीस-पंचवीस ओळी इंग्रजी खरकटे. कुठल्या यंत्राकडून कुठल्या यंत्राकडे गेले, किती वाजता गेले, असले काहीबाही. मी टापटिपीचा माणूस. चार दुपारी खर्ची घालून त्या साऱ्या ओळी पुसल्या. फक्त नाव आणि तारीख ठेवली. खालचा मजकूर गिचमिड दिसत होता, पण त्याचे मला काही वाटले नाही. मनात म्हटले, फॉन्ट लावला की उगवेल मराठी! मग ती फाइल 'साधा मजकूर' म्हणून नव्याने जतन केली आणि समाधानाने झोपलो.

त्या पुसलेल्या ओळींतच तक्त्याचे नाव होते. १९९२ साली नॅथॅनियल बोरनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' नावाचे नियम मांडले. त्यांनुसार ईमेलच्या डोक्यावर एक ओळ असते: हा मजकूर अमुक प्रकारचा, तमुक तक्त्यातला. दुसरी ओळ सांगते, प्रवासासाठी तो कसा बांधला आहे. एकाच फाइलमध्ये शंभर पत्रे शंभर तक्त्यांतली असू शकतात; प्रत्येक पत्र आपले ओळखपत्र कपाळावर घेऊन येते. साठवणाऱ्याने प्रत्येकाचे ओळखपत्र वाचायचे आणि त्याप्रमाणे ते पत्र उलगडायचे, एवढीच अपेक्षा असते. मी शंभर कपाळे धुऊन काढली होती.

बँकेत असताना माझ्या टेबलावर आलेले एकही टपाल मी आवक शिक्क्यावाचून पुढे जाऊ दिले नाही. वादाचे पत्र असेल तर पाकीटसुद्धा फाइलला टाचून ठेवायचो, कारण तारखेचा पुरावा पाकिटावर असतो. नव्या शिपायांना मी हे शिकवत असे. आणि माझ्याच भावाच्या पत्रांची पाकिटे मी केराच्या टोपलीत टाकली!

२०२२ च्या हिवाळ्यात आमचे काम सुरू झाले. माझी रविवार सकाळ, तिची शनिवार रात्र. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. दोघे हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. आमचे तसेच होते. तिला अंक कळत, मला मराठी.

पहिला धक्का सुखाचा होता. काही पत्रे मराठी तर सोडाच, कोणत्याच भाषेसारखी दिसत नव्हती. नुसते रोमन अक्षरांचे आणि आकड्यांचे सलग ठोकळे. ती मी गेलीच असे धरले होते. पुतणी म्हणाली, "काका, ही सगळ्यांत सोपी!" प्रवासात मोडतोड होऊ नये म्हणून यंत्राने ती साध्या चौसष्ट चिन्हांत बांधली होती. या बांधणीत तीन अंकांची चार चिन्हे होतात. मराठीचे एक अक्षर तीन अंकांचे, म्हणून त्या ठोकळ्यांत 'चार-के-एस' आणि 'चार-के-डब्ल्यू' असे तुकडे सारखे येतात. तेवढ्यावरून तिने आत देवनागरी असल्याचे ओळखले. साधी चिन्हे असल्याने माझ्या टापटिपीला ती बधली नव्हती. गाठोडे सोडल्याबरोबर आतून अख्खा दादा बाहेर आला. २०११ च्या पावसात त्याने केलेल्या अळूच्या फदफद्याची हकीकत, त्यात चिंच विसरल्याच्या कबुलीसह.

खुल्या मजकुराची पत्रे मात्र जखमी होती, आणि जखमांत एक शिस्त होती. 'ठ'चा तिसरा अंक १६०. पश्चिम युरोपच्या तक्त्यात १६० म्हणजे एक खास प्रकारची कोरी जागा. माझ्या कार्यक्रमाने ती साध्या कोऱ्या जागेत बदलली. परिणामी साऱ्या पत्रांतल्या 'आठवण'मधला 'ठ' गेला, 'मराठी'तलाही गेला. 'भ'चा तिसरा अंक १७३. तो म्हणजे न दिसणारी संयोगरेषा. कित्येक ठिकाणी ती गळून पडली होती. 'भाऊ'तला 'भ' गेला, 'भात' गेला, 'भेट' गेली. पण या जखमा बऱ्या होण्यासारख्या. २२४ आणि १६४ यांच्यामागे काही ना काही तिसरे असलेच पाहिजे. तिथे कोरी जागा दिसली तर ते 'ठ', आणि काहीच नसेल तर 'भ'. पुतणीने दोन ओळींचा नियम लिहिला आणि एका क्षणात शेकडो आठवणी जागेवर आल्या.

खरी मोडतोड पाच घरांनी केली. विंडोजच्या त्या पश्चिम युरोपीय तक्त्यात २५६ पैकी पाच घरे रिकामी आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. रिकाम्या घराचा अंक आला की काही कार्यक्रम तिथे प्रश्नचिन्ह मारून पुढे जातात, आणि मूळ अंक कायमचा पुसला जातो. आता मराठीचे दुर्दैव पाहा. १२९ म्हणजे आपला पहिला उकार. १४१ म्हणजे अक्षराचा पाय मोडण्याचे चिन्ह, ज्याच्यावाचून जोडाक्षर होत नाही. १४३ म्हणजे 'ए', १४४ म्हणजे 'ऐ', १५७ म्हणजे 'झ'. 'तुझ्या आयुष्यात' या दोन शब्दांचे झाले 'त???या आय?ष?यात'.

इथे माझी किल्ली लागली. ती प्रश्नचिन्हे वाचून दाखवायची, मी शब्द सांगायचा. उकार की पाय मोडका, हे मराठी माणसाला सहज कळते. कानाला दुसरे काही पटतच नाही. महिनोन् महिने हे चालले. त्या निमित्ताने ती जोडाक्षरे वाचायला शिकली. आणि मी दादाची पत्रे पुन्हा वाचली, या वेळी अक्षरागणिक, जशी ती आली तेव्हाही वाचली नव्हती.

मग एका रविवारी २००७ सालचे एक पत्र आले. मार्च महिना. त्याच्याआधीची दोन वर्षे कोकणातल्या आमच्या घरावरून आम्हा भावांत धुसफूस होती. आई २००५ साली गेली. घर बंद, पावसाळ्यात पडवीचे वासे कुजलेले. मी पडवी पाडून तिथे स्लॅब घालायचे ठरवले होते आणि तसे दादाला कळवले होते. त्याचे उत्तर चारच ओळींचे. शेवटची ओळ पुतणीने वाचली: "मा?ं ?क, पडवी पाडू नकोस."

पहिले प्रश्नचिन्ह 'झ', यात शंका नव्हती. दुसऱ्यासाठी तिने निरागसपणे "झक?" असे विचारले. तो शब्द तिला आईवडिलांनी शिकवलेला नव्हता, मीही शिकवला नाही. म्हटले, "ऐक. 'माझं ऐक, पडवी पाडू नकोस.'" मला ती ओळ चांगली आठवत होती. तीस वर्षे परदेशात राहून, आईच्या आजारपणात दोनदा येऊन गेलेला माणूस मला तिथून हुकूम सोडतो, या विचाराने माझे डोके तडकले होते. मी पत्राला उत्तर दिले नाही. मे महिन्यात पडवी पाडली. दादा २०१० साली आला, तेव्हा स्लॅबखाली थोडा वेळ उभा राहिला, आणि 'वारा बरा येतो' एवढेच म्हणाला. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

पुतणी जरा थांबून म्हणाली, "पण काका, 'एक'पण होऊ शकतं ना? 'माझं एक, पडवी पाडू नकोस'?"

मी गप्प झालो. होऊ शकत होते. बाकी सगळे तू ठरव, माझे एवढे एक. बोलण्याची ती दादाचीच लकब. 'ए' की 'ऐ', १४३ की १४४, हुकूम की विनवणी. फाइलमध्ये तिथे प्रश्नचिन्ह होते, आणि माझ्या आठवणीवर माझाच भरवसा राहिला नाही. तेव्हा मी ते पत्र रागात वाचले होते. रागावलेला डोळा एखादी मात्रा पदरची घालू शकतो.

सहामाही हिशेब जुळवताना बँकेत एका रुपयाचा फरक आला तर रात्री बारापर्यंत सारी शाखा बसलेली असे. नवखे लोक म्हणत, "साहेब, मी खिशातून टाकतो रुपया." मॅनेजर ऐकत नसे. कारण तो एक रुपया नसतो. एकीकडे हजार चुकलेले असतात आणि दुसरीकडे नऊशे नव्याण्णव. फरक शोधायचा तर मूळ व्हाउचरपर्यंत जावे लागते.

आमचे मूळ व्हाउचर दादाच्या संगणकात असण्याची शक्यता होती. वहिनींनी तो तळघरात ठेवलेला. २०२३ च्या उन्हाळ्यात पुतणी त्यांच्याकडे गेली, आणि तो सुरू होईपर्यंत तिने तीन दिवस खटपट केली. दादाने पाठवलेल्या पत्रांच्या प्रती तिथे होत्या. त्यांना कोणी टापटीप केले नव्हते. प्रत्येकाच्या कपाळावर तक्त्याचे नाव शाबूत.

त्या अनुभवावरून वाचकांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कारण आता घरोघरी अशी पत्रे आहेत, आणि ती लिहिणारे हळूहळू कमी होत चालले आहेत. ईमेल उतरवून घ्याल तेव्हा त्यांच्या डोक्यावरच्या ओळी नकोशा वाटल्या तरी पुसू नका. मूळ फाइलला हात लावू नका, जी काही दुरुस्ती कराल ती प्रतीवर करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर तो फॉन्टही सोबत जपा, आणि जमेल तितक्या लवकर युनिकोडमध्ये आणा. आणताना तो कशातून आणला हे लिहून ठेवा. गिचमिड दिसली म्हणून 'जतन करा' हे बटण दाबू नका, कारण वाचण्यातली चूक दुरुस्त होते, जतन केलेली चूक पक्की होते. आणि जिवाभावाचे जे असेल ते कागदावर छापून एका डब्यात ठेवा. मोडीचे उदाहरण आपल्यासमोर आहे. अनेक घरांत खापरपणजोबांचे मोडी कागद ट्रंकेत आहेत. कागद टिकला, शाई टिकली, वाचणारा उरला नाही. मोडीलासुद्धा युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. पण आपल्या ट्रंकेतला कागद आपल्यालाच कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो.

तळघरातून तिने फोन केला तेव्हा माझी सकाळ होती.

"काका, सापडलं. दोनशे चोवीस, एकशे चौसष्ट..." ती थांबली. "एकशे त्रेचाळीस."

मी तिला आकडा पुन्हा वाचायला सांगितला. रोकड मोजताना दुसऱ्यांदा मोजतात तसा. तिने वाचला. एकशे त्रेचाळीसच.

पुस्तक झाले. वहिनींकडे एक प्रत आहे, माझ्याकडे एक, आणि एक मी पोटमाळ्यावरच्या डब्यात ठेवली आहे. २००७ चे ते चार ओळींचे पत्र त्यात जसेच्या तसे छापले आहे, 'माझं एक' असे. छापण्यापूर्वी पुतणीने विचारले होते, "काका, पडवी म्हणजे ती झोपाळा होता ती जागा का? मी लहानपणी झोपायचे ती?"

"हो, तीच," मी म्हणालो.